वैशाखातील भिंत

पावसाळ्याचे दोन महिने उलटले की आपल्याकडील घराघरांतून एक विशिष्ट कुबट वास येऊ लागतो. कपाट उघडले की तो येतो, गादी उलटली की येतो, देवघरामागील कोपऱ्यात वाकले की येतो. चामड्याच्या वहाणांवर पांढरी भुरी धरते, जुन्या पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर हिरवट ठिपके उठतात आणि पश्चिमेकडील भिंतींवर काळसर डाग पसरत जातात. तिला आपण बुरशी म्हणतो आणि तिच्याविषयी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे बोलतो. यंदा पाऊस फार, म्हणून यंदा बुरशीही फार, इतकेच. ती पुसावी कशी याचे ज्ञान आपल्या घरांतील गृहिणींना प्रस्तुत लेखकापेक्षा निश्चितच अधिक आहे. मला मांडावयाचा प्रश्न निराळा आहे. आपल्या भिंतीत ओल आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते दुसऱ्याला सांगावयास बांधलेले आहे काय? असल्यास केव्हा, आणि किती स्पष्ट शब्दांत? हा प्रश्न मला माझ्याच घराच्या मागील दोन खोल्यांत भेटला. त्याचे उत्तर देताना मी चुकलो, म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

प्रथम बुरशीविषयी दोन शब्द, कारण तिच्यावर अन्याय होऊ नये. ती सजीव आहे. तिची सूक्ष्म बीजे आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात असतात. भर उन्हाळ्यातही असतात. त्यांना केवळ पाणी हवे असते. ओला कागद, ओले लाकूड, ओली भिंत एक-दोन दिवस तशीच राहिली की ती रुजते. सह्याद्रीच्या रानांत पडलेला पाला ती कुजवते म्हणून तेथे पुन्हा झाड उगवते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना तिच्याच एका जातीत पेनिसिलिन सापडले, आणि ते औषध आपल्या देशात तयार व्हावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस सरकारी कारखाना उभारण्यात आला. एका सत्शील गृहस्थांनी मला एकदा गंभीरपणे विचारले होते की, बुरशी पुसणे ही हिंसा नव्हे काय? मी त्यांना म्हटले, पाणी आधीच अडवा, म्हणजे तिला जन्मच घ्यावा लागणार नाही. ते हसले, पण माझ्या स्वतःच्या उत्तरातील अर्थ मला पुढे फार उशिरा कळला. भिंतीवर बुरशी दिसते तेव्हा मूळ दोष पाण्याचा असतो, आणि ते पाणी कोठून तरी आलेले असते.

आपल्या गोव्यात ते कोठून येते हे सांगावयास नको. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आणि चिरा सच्छिद्र. तो जमिनीतील पाणी वर ओढून घेतो. आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. ते भिंतीला चुन्याचा गिलावा करीत, कारण चुन्यातून ओल आत आली तशी बाहेरही पडते, आणि चुन्याच्या दाहक गुणामुळे बुरशीला त्यावर सहजासहजी तग धरता येत नाही. पाख्या लांब ठेवीत, वैशाखात शाकारणी करीत, पावसाच्या तोंडच्या भिंतीला चुडतांचे झाप बांधीत. आम्ही शिकलो-सवरलो, झाप काढून टाकले, चुना खरवडला आणि त्या जागी सिमेंट व प्लॅस्टिक रंग आणला. सिमेंटने पाणी आत येण्याचे थांबले नाही, त्याचे बाहेर पडणे तेवढे थांबले. मग ते भिंतीतल्या भिंतीत वर चढू लागले. माझ्या घरी हे सारे माझ्याच हुकुमाने, माझ्याच पैशाने झाले.

२०२३ च्या मे महिन्यात खानापूरकडील एक तरुण जोडपे त्या खोल्या पाहावयास आले. यजमान येथील औद्योगिक वसाहतीत कामाला, पदरी चार वर्षांची मुलगी. जूनमध्ये तिला बालवाडीत घालावयाची होती. मागील श्रावणात त्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत बुरशी आली होती. फेब्रुवारीत मी ती खरवडून घेतली, पुट्टी भरली आणि वरून महागातला रंग दिला. वैशाखात ती भिंत अशी कोरडी आणि गुळगुळीत होती की तिच्यावरून हात फिरवावासा वाटे. बाईने खिडक्या उघडून पाहिल्या, न्हाणीघर पाहिले, आणि उंबऱ्याशी थांबून विचारले, "काका, पावसात घर कसं असतं हो?"

मी म्हणालो, "अगं, गोव्यात पावसात थोडीफार ओल सगळीकडेच असते."

तिने मान डोलावली. त्याच संध्याकाळी त्यांनी आगाऊ रक्कम आणून दिली.

या वाक्यातील एकही शब्द खोटा नव्हता. गोव्यात पावसात ओल सगळीकडेच असते, हे कोणत्याही न्यायालयात टिकेल. परंतु मी ते वाक्य का निवडले, असे स्वतःला विचारले तर उत्तर लपत नाही. तिचा प्रश्न तेथेच मिटावा म्हणून मी ते निवडले होते. धर्मराजाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता, धर्मराजाने हत्तीचा उच्चारही केला होता, फक्त तो द्रोणांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू केला होता. आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. कथेतील एका गोष्टीकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. हीच वार्ता भीमाने आधी ओरडून सांगितली होती आणि द्रोणांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. धर्मराजाला विचारले ते तो खोटे बोलणार नाही म्हणून. अर्धसत्याला धार येते ती बोलणाऱ्याच्या लौकिकाने. त्या बाईने हा प्रश्न एखाद्या दलालाला विचारला असता तर त्याच्या उत्तरातील निम्मे तिने सोडूनच दिले असते. तिने तो पिकल्या केसांच्या, देवळाच्या महाजनांपैकी एका माणसाला, काका म्हणून विचारला होता.

कायद्यानेही येथे पळवाट ठेवलेली नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात असे आहे की, जागेतील जो महत्त्वाचा दोष देणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसणार नाही, तो देणाऱ्याने उघड केला पाहिजे. हे कलम वाचताना मला आमच्या प्रांतातील एक चमत्कार जाणवला. येथे घरे पाहिली जातात ती एप्रिल-मे महिन्यांत, कारण शाळा जूनमध्ये उघडतात. आणि घराचा दोष दिसतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. वैशाखातील भिंतीला दोष नसतो असे नव्हे, तिला त्या वेळी वाचा नसते. तोवर तिच्या वतीने बोलू शकणारा माणूस एकच, ज्याने तिचे मागील पावसाळे पाहिले आहेत तो.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. जुलैच्या अखेरीस वीजबिलाचा हिशेब करण्यासाठी मी मागील खोल्यांत गेलो. पश्चिम भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले होते, पण ते नेहमीच्या उंचीवर नव्हते, गुडघ्यापाशी होते. शेजारी एक चादर आडवी बांधली होती. माझी नजर तेथे गेलेली पाहून बाई उठून उभी राहिली. "काका, रागावू नका हं. आम्ही कपडे आत वाळत घालतो ना, त्यानं भिंत खराब झाली. मी रोज पुसते. जागा सोडताना रंगाचे पैसे देऊ आम्ही." मुलीची गादी त्याच भिंतीला लागून जमिनीवर घातलेली होती. रात्री तिला खोकल्याची उबळ येते, डॉक्टरांनी घरात ओल आहे का असे विचारले होते, हेही तिने सांगितले, आणि तेही जणू आपलीच चूक कबूल करावी अशा स्वरात.

मी म्हणालो, "बरं बरं, बघू," आणि बाहेर आलो.

मे महिन्यातील माझ्या वाक्याला निष्काळजीपणाचे नाव देता येईल. या "बरं बरं" ला ते देता येत नाही. माझा दोष दुसऱ्याने आपल्या डोक्यावर घेतला आणि मी तो घेऊ दिला. पहिल्याहून हे दुसरे वाईट, असे माझे आजही मत आहे.

तथापि मनाला वकिली करावयाची सवय असते. दोन दिवस माझे मन मला सांगत राहिले की, बाई म्हणते त्यात तथ्य आहे. आणि खरोखरच तथ्य होते. ओले कपडे आत वाळविले की त्यांतील सारे पाणी हवेत जाते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळाला की त्यातून सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. माणसांच्या श्वासांतूनही पाणी येते. कार्याला एकाहून अधिक कारणे असतात. परंतु त्यांपैकी कोणते बोलून दाखवावयाचे हे बहुधा भिंतीचा मालक ठरवतो आणि तो भिंतीखेरीज दुसरे काहीही निवडतो. त्याच दिवसांत इंग्लंडमधील रॉचडेल गावची हकिकत माझ्या वाचनात आली. अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा तेथे डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला, आणि घरातील बुरशीच्या दीर्घ सहवासाने त्याच्या श्वसनमार्गाला झालेला विकार हे त्याचे कारण, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. बापाने २०१७ पासून तक्रार केली होती. त्याला सांगण्यात आले होते की वरून रंग लावा. घर देणाऱ्यांनी त्या कुटुंबाच्या राहणीकडेही बोट दाखविले होते. पुढे २०२३ साली तेथे त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सार्वजनिक घरे भाड्याने देणाऱ्या संस्थांना गंभीर ओलीच्या तक्रारीची चौकशी ठरावीक दिवसांत करणे भाग पडले. ते घर थंड देशातले, ती बुरशी निराळ्या रीतीने आलेली. पण "वरून रंग लावा" हे शब्द वाचताना मला फेब्रुवारीतील माझा रंगाचा डबा आठवला. येथल्या मुलीचा खोकला माझ्या भिंतीनेच आला असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसे ठामपणे म्हटले नाही. मात्र ओल व बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगून ठेवले आहे.

माझ्या एका अभियंता स्नेह्यांनी भिंतीची साक्ष काढण्याची युक्ती सांगितली. पोळ्या गुंडाळावयाची ॲल्युमिनियमची पातळ चंदेरी पट्टी असते, तिचा हातभर तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावयाचा आणि एक-दोन दिवस ठेवावयाचा. खोलीकडील बाजूस पाण्याचे थेंब धरले तर ओल हवेतील, म्हणजे राहणाऱ्यांच्या स्वयंपाकाची आणि कपड्यांची. भिंतीकडील बाजूस धरले तर ओल भिंतीतील. मी मुद्दाम बाईच्या देखत तो तुकडा लावला. दोन दिवसांनी तिच्याच हाताने काढविला. वरची बाजू कोरडी होती. मागील बाजूने पाणी ओघळून तिच्या मनगटावर आले.

तेव्हा मी तिला सांगितले. "ही भिंत गेल्या वर्षीही अशीच होती गं. मला ठाऊक होतं. तुमच्या कपड्यांनी हे झालेलं नाही."

ती बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं असतंत तरी आम्ही या खोल्या घेतल्याच असत्या. भाडं परवडत होतं. पण गादी त्या भिंतीला घातली असती." आणि तिने समोरच्या आतल्या भिंतीकडे बोट केले.

या उत्तराची मी कल्पना केलेली नव्हती. खरे सांगितले तर गिऱ्हाईक जाईल, एवढाच हिशेब मी मांडला होता. सत्य म्हणजे जणू सौदा होणार की मोडणार एवढे ठरविण्याची वस्तू. पण माणूस अडचणीच्या जागेतही राहू शकतो. त्याला जागा माहीत असेल तर तो गादी सरकवतो, कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवतो, पंखा कोठे लावावयाचा ते ठरवतो. जुलैत आपल्या बाहेरची हवाच इतकी दमट असते की केवळ खिडकी उघडून भिंत सुकत नाही, खेळती हवा लागते, एवढी साधी गोष्टही त्याला उपयोगी पडते. मी त्या कुटुंबाकडून दुसरे घर निवडण्याची संधी काढून घेतली, हे तर झालेच. परंतु त्याच घरात शहाणपणाने राहण्याची संधीही काढून घेतली, आणि ते मला दिसलेदेखील नव्हते.

येथे काही वाचक म्हणतील, महाराज, चतुर्थीच्या आधी आपण सारेच भिंती रंगवितो, माटोळी बांधावयाच्या आधी डाग झाकतो. ते सारे असत्य काय? माझ्या मते नव्हे. दर्शनाला आलेला पाहुणा तासभर बसतो, करंजी खाऊन जातो. भिंतीवर विसंबून त्याने काही ठरविलेले नसते. त्या झाकण्यात पाहुण्याचा मान आहे. जो आपल्या शब्दावर विसंबून त्या भिंतीपाशी मूल निजविणार आहे, त्याची गोष्ट वेगळी. दुसरा आक्षेप याहून जड आहे. ज्याला भिंत दुरुस्त करणे परवडत नाही, त्या विधवेने किंवा पेन्शनरने काय करावे? दुरुस्तीची ऐपत प्रत्येकाला नसते हे मान्य. पण सांगण्याला पैसे पडत नाहीत. पडतात ते थोडे भाडे कमी येण्याने, आणि तेवढी झळ सांगणाऱ्याने सोसावी असे मी म्हणतो. हे मी ज्याचे पोट त्या भाड्यावर अवलंबून नाही अशा स्थितीतून म्हणतो, हेही कबूल करतो. अधिक अवघड प्रकार आपल्या सामाईक घरांचा. दहा वाटेकरी, चार मुंबईस, दोन परदेशी, घराला कुलूप, आणि आत बुरशी आढ्यापर्यंत. तेथे कोणी कोणाला काय सांगावयाचे, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो लिहावयास माझ्यापेक्षा धीट माणूस हवा.

असो. मुलीची गादी त्याच रात्री आमच्या पुढील खोलीत आली आणि ते कुटुंब पावसाळा संपेपर्यंत तेथेच राहिले. जून-जुलैचे भाडे मी परत केले. आमच्या सौ. म्हणाल्या, "मे महिन्यातच मला विचारलं असतंत तर?" खोकला कमी झाला. पण त्या ऑगस्टमध्ये पाऊसही ओसरला होता, तेव्हा त्याचे श्रेय कोणाला, हे सांगता येत नाही. पुढील मार्चमध्ये यजमानांची बदली झाली आणि ते बेळगावकडे गेले.

दिवाळीनंतर मी भिंत उघडी केली. छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा काढला आणि वैशाखापर्यंत चिरा उघडाच सुकू दिला. बाहेरच्या बाजूस कारण सापडले. अबोलीच्या वाफ्यासाठी मी भिंतीला लागून माती भरली होती आणि ती आतील जमिनीहून वर आली होती. पावसाचे पाणी वर्षानुवर्षे तेथे साचून आत येत होते. वाफा हलविला, पाख्यांना पन्हळ लावली, चुन्याचा गिलावा केला. (जाता जाता सांगतो, उरलेली बुरशी काढताना ती कोरड्या कुंचल्याने झाडू नये, नाकातोंडाला फडके बांधून ओल्या फडक्याने पुसावी, आणि फरशीचे ॲसिड व ब्लीच ही दोन्ही कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी वायू निघतो.) इतके करूनही २०२४ च्या जुलैत जमिनीपासून वीतभर ओल आलीच.

२०२५ च्या मे महिन्यात एक शिक्षक दांपत्य खोल्या पाहावयास आले. भिंत पुन्हा कोरडी, चुन्याने पांढरीशुभ्र. त्यांनी काही विचारण्यापूर्वीच मी त्यांना तेथे नेले आणि हाताने उंची दाखवून म्हटले, "पावसात इथपर्यंत ओल येते. पूर्वी कमरेपर्यंत येत असे." दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कळवितो म्हणाले आणि गेले. जून खोल्या रिकाम्या गेल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असता, दारात छत्री मिटवून तेच गृहस्थ उभे. "भिंत पाहायला आलो," म्हणाले. मी किल्ली काढून दिली आणि ओसरीवर बसून राहिलो.